बाल मोझार्टचे सोनाटे: एक छोटी मैफल उभी करताना

वोल्फगांग मोझार्टचे पहिले छापील संगीत म्हणजे हार्पसिकॉर्डचे (पियानोच्या आधीचे कळांचे वाद्य) दोन सोनाटे (काही भागांच्या वाद्यरचना). 1764 साली ते पॅरिसमध्ये निघाले आणि मुखपृष्ठावर संगीतकाराचे वय सात वर्षे असे घातलेले होते. दोन वर्षांत असे एकूण सोळा सोनाटे तीन शहरांतून छापले गेले: पॅरिसमधून चार, लंडनमधून सहा, द हेगमधून सहा. या सोळांवर एक सुंदर, घरगुती आकाराची मैफल उभी राहते. पियानो आणि व्हायोलिन असे दोन वादक पुरतात, बासरीवाला मिळाला तर तिसरा. साठ-सत्तर श्रोत्यांची खोली पुरते. संगीत तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण उघडे आहे. चूक लपायला जागा नाही आणि मोठ्या आवाजाचा आडोसाही नाही.

तरीही अशा मैफली बहुतेक वेळा फसतात, कारण त्या ‘बघा, एवढ्याशा मुलाने हे लिहिले’ या एका वाक्यावर उभ्या असतात. श्रोता पहिली दहा मिनिटे थक्क होतो, मग कंटाळतो. चमत्कार एकदाच सांगता येतो. त्याऐवजी एक मूल काय ऐकत होते, कोणाकडून काय उचलत होते, वडिलांचा हात कुठे होता आणि तो कुठे सुटला, हे कानांना कळेल अशी मांडणी केली की दीड तास कसा गेला ते कळत नाही. खालचे सगळे त्या दृष्टीने लिहिले आहे.

आधी संगीत निवडा, मग सभागृह

सोळाही सोनाटे एका संध्याकाळी वाजवायचा मोह टाळा. साधारण पाऊण ते सव्वा तास प्रत्यक्ष संगीत आणि मध्ये एक छोटे मध्यंतर, एवढे पुष्कळ झाले. क्रम मात्र काळाचाच ठेवा. इथे काळाचा क्रम हीच गोष्ट आहे.

सुरुवात सोनाट्याने करू नका. मोझार्टची थोरली बहीण मारिया आना, घरात नानेर्ल, हिच्यासाठी वडील लिओपोल्ड यांनी 1759 साली धड्यांची एक वही केली होती. त्याच वहीत त्यांनी धाकट्याच्या पहिल्या रचना उतरवून घेतल्या. मोझार्टच्या रचनांना क्रमांक देणाऱ्या क्योशेलच्या सूचीत त्या के. 1ए पासून पुढे येतात (के. म्हणजे त्या सूचीतला क्रमांक). के. 1ए ही जेमतेम दहा मापांची (बारची) आहे. के. 2 हा जानेवारी 1762 चा फा मेजर या स्वरश्रेणीतला मिन्युएट (एक नाच), के. 3 हा त्याच वर्षीच्या मार्चमधला छोटा अलेग्रो (जलद रचना). हे तीन एकट्या पियानोवर, निवेदनाशिवाय, एकापाठोपाठ वाजवा. तीन-चार मिनिटांत संपतील. श्रोत्याच्या कानात एक मोजपट्टी तयार होते आणि पुढचे प्रत्येक पाऊल तो तिच्यावर मोजतो.

मग पॅरिसचा संच. मोझार्ट कुटुंब 9 जून 1763 रोजी साल्झबुर्गहून निघाले आणि नोव्हेंबरमध्ये पॅरिसला पोचले. के. 6 आणि के. 7 हे सोनाटे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची मुलगी मादाम व्हिक्तवार हिला अर्पण केले, के. 8 आणि के. 9 काउंटेस द तेस्से हिला. यातला के. 6 घ्याच. त्याला चार भाग आहेत आणि तो तुकड्यातुकड्यांनी जमलेला आहे. पहिल्या अलेग्रोचा मूळ कच्चा पाठ नानेर्लच्या वहीत आहे आणि त्यावर ब्रसेल्स, 14 ऑक्टोबर 1763 अशी नोंद आहे, म्हणजे तो प्रवासातच लिहिला गेला. मूळ पाठ फक्त कीबोर्डचा होता; व्हायोलिन पुढे जोडले गेले.

याचा मैफलीत थेट उपयोग करून घ्या. के. 6 चा संथ भाग, अँडान्टे, आधी एकट्या पियानोवर वाजवा आणि लगेच व्हायोलिनसह पुन्हा. पाच मिनिटे जास्त जातात, पण त्या काळचा हा सगळा प्रकार काय होता ते कुठल्याही भाषणापेक्षा लख्ख कळते. पूर्ण सोनाटा त्यानंतर घ्या.

दुसरा पॅरिस सोनाटा म्हणून मी के. 9 सुचवेन, कारण त्याच्याशी एक फार बोलकी गोष्ट जोडलेली आहे. डिसेंबर 1764 मध्ये लिओपोल्ड यांनी साल्झबुर्गच्या घरमालक-मित्राला, हागेनाउअरला, पत्रात कळवले की दुसऱ्या संचाच्या (के. 8 आणि के. 9) शेवटच्या ट्रिओमध्ये, म्हणजे मिन्युएटच्या मधल्या भागात, व्हायोलिनच्या ओळीत एकापाठोपाठ तीन समांतर पंचम (दोन सुरावटी पंचमाचे अंतर राखून एकत्र सरकणे) राहून गेले आहेत. हार्मनीच्या शास्त्रात ही विद्यार्थ्याची ठरलेली चूक. मुलाने ती केली, आपण ती दुरुस्त केली, पण छपाईचे धातूचे पत्रे कोरणाऱ्या मादाम व्हाँदोम यांनी दुरुस्ती घेतलीच नाही, असे ते लिहितात. आणि पुढे असेही की निदान यावरून हे सोनाटे खरोखर मुलानेच लिहिले याचा पुरावा तरी मिळाला. मला या संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत खरा क्षण वाटतो. वडील दुरुस्ती करत होते हे त्यातून कळते, आणि मूल चुकत होते हेही. निवेदकाने हे सांगावे आणि वादकाने ती जागा एकदा सावकाश वाजवून दाखवावी. मग तो ट्रिओ लयीत आला की श्रोते पुढे झुकून ऐकतात.

पॅरिसच्या भागातच योहान शोबर्टची एखादी रचना घाला. पॅरिसमध्ये राहणारा हा संगीतकार हार्पसिकॉर्डचे असेच सोनाटे लिहीत होता, ज्यात व्हायोलिनची साथ ऐच्छिक असे. मोझार्टने पुढे आपल्या के. 39 या कॉन्चेर्टोच्या (वाद्यवृंदासह एका वाद्याची रचना) मधल्या भागासाठी शोबर्टचेच संगीत घेतले. शोबर्टचा एकच भाग वाजवा, पूर्ण सोनाटा नको. श्रोत्यांना ‘अरे, हे आत्ताच ऐकले’ असे वाटले म्हणजे काम झाले.

मध्यंतर इथे.

लंडन हा मैफलीचा मधला आणि सर्वांत मोकळा टप्पा. 23 एप्रिल 1764 रोजी कुटुंब तिथे पोचले. के. 10 ते के. 15 हे सहा सोनाटे राणी शार्लटला अर्पण केले, अर्पणपत्रिकेवर 18 जानेवारी 1765 ही तारीख आहे, आणि राणीकडून पन्नास गिनी मिळाल्या. या संचात व्हायोलिनऐवजी बासरीही चालेल असे छापलेले आहे आणि चेलोचाही भाग निघालेला आहे. बासरीवादक मिळाला तर हाच भाग त्याला द्या. आवाजाचा रंग बदलला की मध्यंतरानंतरचा थकवा जातो. के. 14 घ्या, त्यातला दुसरा मिन्युएट ‘कॅरिलाँ’च्या, म्हणजे घंटानादाच्या पद्धतीने लिहिलेला आहे, पियानोचा उजवा हात वरच्या सप्तकात घंटांसारखा किणकिणतो आणि लहान मुलांनाही तो लगेच आवडतो. वेळ कमी असेल तर दोन भागांचा के. 12.

लंडनच्या आधी किंवा नंतर दोन छोट्या गोष्टी जरूर ठेवा. पहिली, लंडनची वही. 1764 च्या उन्हाळ्यात लिओपोल्ड गंभीर आजारी पडले आणि कुटुंब हवापालटासाठी चेल्सीजवळच्या इबरी स्ट्रीटला राहायला गेले. या काळातली एक वही उरली आहे, जिच्यात चाळीसहून अधिक छोटे तुकडे मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरात आहेत. सूचीत ते के. 15ए पासून पुढे सापडतात. वडिलांचा दुरुस्तीचा हात इथे नाही. काही जागा खडबडीत आहेत, काही अपुऱ्या, आणि काहींत असे धाडस आहे जे छापील सोनाट्यांत दिसत नाही. दोन तुकडे निवडून वाजवा. दुसरी गोष्ट, योहान क्रिस्तियान बाख. मोठ्या बाखचा हा धाकटा मुलगा लंडनमध्ये राणीचा संगीतशिक्षक होता आणि लहान मोझार्टवर त्याचा फार जीव होता. त्याच्या ओपस 5 या छापील संचातल्या तीन सोनाट्यांचे मोझार्टने पुढे कॉन्चेर्टो केले (के. 107). ओपस 5 मधल्या दुसऱ्या, री मेजर सोनाट्याचा पहिला भाग वाजवला की लंडननंतरच्या मोझार्टच्या सुरावटीतली गोडी कुठून आली ते कळते.

शेवट द हेगचा. 1765 च्या शरद ऋतूत तिथे पोचल्यावर आधी नानेर्ल इतकी आजारी पडली की तिला अखेरचे संस्कार देण्यात आले, आणि ती सावरते तोच वोल्फगांग अंथरुणाला खिळला. बरे झाल्यावर, नुकताच दहा वर्षांचा झालेला असताना, त्याने के. 26 ते के. 31 लिहिले आणि नासाउ-वाइलबुर्गची राजकन्या कॅरोलिन हिला अर्पण केले. इथे व्हायोलिन पहिल्यांदा थोडे स्वतःचे बोलू लागते. के. 27 चा संथ पहिला भाग ऐकवा आणि मैफल के. 31 ने संपवा. त्याच्या शेवटच्या भागात एका मिन्युएटवर व्हेरिएशन्स (एकाच सुरावटीची बदलती रूपे) आहेत, म्हणून शेवट मोठा आवाज न करताही भरीव होतो.

व्हायोलिन साथीला आहे, हे सगळ्यांनी मान्य करा

सर्वांत जास्त वेळ जायला हवा तो इथे. छापील मुखपृष्ठांवर हे हार्पसिकॉर्डचे सोनाटे आहेत आणि व्हायोलिनच्या साथीने वाजवता येतील असे म्हटलेले आहे. आपल्याकडच्या श्रोत्याला आणि कित्येक वादकांनाही व्हायोलिन पुढे आणि पियानो मागे अशी सवय असते. ती इथे उलटी करावी लागते. ख्यालाच्या मैफलीत सारंगी किंवा पेटी गायकाची सुरावट धरून, जरा मागून, भरून काढत जाते, के. 6 मधल्या व्हायोलिनने तसे वागायचे आहे. कुठे ते पियानोच्या उजव्या हाताला तिसऱ्या सुरावर चिकटून जाते, कुठे एखादा लांब सूर धरते, कुठे पियानो थांबला की एवढेसे उत्तर देते. व्हायोलिनवाल्याने ‘माझी लाइन’ म्हणून मोठा आवाज काढला की रचना पोकळ वाटते आणि दोष मोझार्टवर जातो.

तालमीत हे असे करा. पहिल्या तालमीला व्हायोलिनवादकाने वाजवू नये, फक्त पियानोचे पान बघत ऐकावे. दुसऱ्या तालमीला त्याने निम्म्या आवाजात वाजवावे. तिसऱ्या तालमीपासून पेन्सिलने त्या मोजक्या जागांवर खूण करावी जिथे व्हायोलिनला खरोखर काही सांगायचे आहे, आणि फक्त तिथेच वर यावे. द हेगच्या सोनाट्यांत या खुणा वाढतील. तिन्ही संचांतल्या खुणा मोजल्या तरी मुलाची प्रगती कागदावर दिसते.

दोघे कुठे बसतील यावरही बरेच अवलंबून आहे. 1763 साली पॅरिसमध्ये कारमाँतेल या चित्रकाराने या कुटुंबाचे जलरंगातले चित्र काढले. त्यात छोटा वोल्फगांग हार्पसिकॉर्डपाशी, लिओपोल्ड त्याच्या पाठीशी उभे राहून व्हायोलिन वाजवत आहेत आणि नानेर्ल हातात कागद घेऊन वाद्याच्या पलीकडे. व्हायोलिनवाल्याला पियानोच्या कमानीत, श्रोत्यांसमोर उभे करण्याऐवजी असेच कीबोर्डच्या मागे, वादकाच्या खांद्यामागे उभे करून बघा. आवाज आपोआप मागे जातो आणि दोघांना एकाच पानावरून वाजवता येते.

बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, कसा चालवायचा हे ठरवताना लिओपोल्ड यांच्याच व्हायोलिनवरच्या ग्रंथाची मदत होते. तो 1756 साली, म्हणजे मुलाच्या जन्मवर्षीच, आउग्सबुर्गला निघाला. प्रत्येक सुरावर कंप देत राहणारे वादक ताप आल्यासारखे थरथरतात, अशी त्यांची स्पष्ट नापसंती आहे. तेव्हा व्हायब्रॅटो कमी, बो हलका, अलंकार तालावर. आतड्याच्या तारा लावण्याचा हौशी हट्ट मात्र मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत नको. त्या दर दहा मिनिटांनी उतरतात. साध्या सिंथेटिक तारांवर हलका बो चालवला की पुरते.

वाद्य आणि हवा

हार्पसिकॉर्ड मिळाला तर उत्तमच, पण आपल्याकडे तो फार कमी ठिकाणी आहे. आधुनिक पियानो चालतो, फक्त त्याला आवरावे लागते. ग्रँड असेल तर झाकण छोट्या काठीवर ठेवा किंवा बंदच ठेवा. उजव्या पायाचे पेडल जवळपास विसरा. के. 6 च्या अलेग्रोत डावा हात सतत मोडत्या स्वरसमूहांची तीच ती वेलांटी काढत राहतो, ज्याला अल्बर्टी बास म्हणतात. तो पेडलवर धुरकट झाला की सगळेच गेले. त्या डाव्या हाताचा आवाज उजव्याच्या निम्मा ठेवण्याचा रियाज हा या मैफलीतला पियानोवादकाचा खरा रियाज. अपराइट पियानोही चालेल. तो भिंतीपासून हातभर पुढे ओढा.

डिजिटल पियानोच असेल तर वजनदार कळांचा घ्या, त्याच्यावर हार्पसिकॉर्डचा कृत्रिम आवाज लावू नका आणि आवाज सभागृहाच्या स्पीकरमधून सोडू नका. एक चांगला स्पीकर वादकाच्या मागे जमिनीवर ठेवला की आवाज वाद्यातूनच आल्यासारखा वाटतो. मायक्रोफोन फक्त निवेदकाला.

पावसाळ्यात पियानोचा साउंडबोर्ड (आवाज भरणारी लाकडी फळी) ओलावा शोषून फुगतो आणि स्वर चढतो, कोरड्या हवेत उतरतो. म्हणून वाद्य हलवायचे असेल तर काही दिवस आधी हलवा आणि तिथल्या हवेत स्थिरावू द्या. ट्यूनरला दोनदा बोलवा: एकदा आदल्या एक-दोन दिवसांत आणि एकदा मैफलीच्या दिवशी दुपारी. एसी असेल तर दुसऱ्या ट्यूनिंगच्या किमान दोन-तीन तास आधी तो संध्याकाळी असेल त्याच तापमानावर चालू ठेवा. ट्यूनर काम करत असताना खोलीत शांतता हवी. खुर्च्या त्याच्या आधी लावा किंवा नंतर. माझ्या मते डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा. पंखा चालू ठेवावाच लागणार नाही, आणि हे संगीत पंख्याच्या घरघरीत ऐकणे म्हणजे ते न ऐकल्यासारखेच.

खोली निवडताना जाऊन टाळी वाजवून बघा. संगमरवरी फरशी आणि रिकाम्या भिंतींचा हॉल घुमतो, माणसे भरल्यावर थोडा सुधारतो. सतरंज्या आणि पडदे खूप मदत करतात. रस्त्याकडच्या खिडक्या, शेजारचे मंगल कार्यालय, लग्नाच्या तिथी, हे आधी तपासा. श्रोत्यांना वादकांच्या जवळ, शक्यतो अर्धवर्तुळात बसवा.

स्वरलिपी

मोझार्टच्या समग्र ग्रंथावलीची, म्हणजे नोयं मोझार्ट आउसगाबंची पाने साल्झबुर्गच्या मोझार्टेउम फाउंडेशनने संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. अभ्यासाला ती उत्तम. लंडनचा संच चेलोच्या भागामुळे कधी कधी पियानो ट्रिओंच्या खंडात ठेवलेला असतो, तेव्हा व्हायोलिन सोनाट्यांत सापडला नाही म्हणून घाबरू नका. जुन्या, ‘सुधारून’ काढलेल्या आवृत्त्यांत संपादकाने घातलेल्या लेगाटोच्या (सूर जोडून वाजवण्याच्या) आणि मोठ्या-लहान आवाजाच्या खुणा असतात. त्या पुसूनच तालमीला बसा. पुनरावृत्त्या सगळ्या घ्याव्यात का? अलेग्रोंत पहिला अर्धा भाग दोनदा, दुसरा एकदा, असे चालते. मिन्युएटांत मात्र सगळ्या घ्या, ते नाच आहेत आणि त्यांचा तोल पुनरावृत्तीवर आहे. दुसऱ्या वेळी वादकाने एखादा छोटा अलंकार स्वतःचा घालावा. प्रत्येक निवडीची वेळ घड्याळ लावून मोजा.

निवेदन

प्रत्येक टप्प्याला दोन मिनिटे, त्याहून जास्त नाही. कार्यक्रमपत्रिकेत वयाऐवजी तारखा छापा. त्या काळी वय हा जाहिरातीचा भाग होता: पहिल्या संचावर सात वर्षे छापले तेव्हा मुलाला आठ पूर्ण झाली होती, आणि लंडनच्या जाहिरातींतही मुलांची वये कमी करून सांगितली जात. जुलै 1765 मध्ये लंडनच्या कॉर्नहिल भागातल्या एका टॅव्हर्नमध्ये रोज दुपारी ही भावंडे अडीच शिलिंगात ऐकायला मिळत, आणि कळांवर कापड टाकून ती एकत्र वाजवतील असेही जाहीर केलेले होते. हे श्रोत्यांना जरूर सांगा, पण तो कापडाचा खेळ मंचावर करून दाखवू नका. मुलांना किती लवकर प्रदर्शनात उभे केले गेले हे समजावे, एवढ्यासाठीच ती माहिती हवी.

डेन्स बॅरिंग्टन यांची हकिकतही सांगण्यासारखी. या इंग्रज विद्वानाने जून 1765 मध्ये मुलाची परीक्षा घेतली, न पाहिलेले संगीत वाचायला दिले, आयत्या वेळी प्रेमाचे आणि रागाचे गाणे रचायला लावले, आणि अहवाल रॉयल सोसायटीला दिला. त्या अहवालात मांजर आल्याबरोबर हार्पसिकॉर्ड सोडून तिच्यामागे जाणारा आणि काठीचा घोडा करून खोलीभर पळणारा मुलगाही आहे.

नानेर्लचे नाव प्रत्येक टप्प्यात यायला हवे. प्रवासात ती त्याच्या बरोबरीने वाजवत होती, पहिली वही तिची होती.

वादक कुठून आणायचे

गोव्यात चर्चच्या संगीतशाळांमुळे व्हायोलिन घराघरांत पोचले आहे आणि पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राच्या आसपास वादक आणि शिक्षक भेटतात, पुण्यातही चांगले पियानोशिक्षक आहेत. नामांकित एकलवादकापेक्षा एकमेकांना ओळखणारी जोडी शोधा. चार-पाच तालमींचे मानधन आधीच ठरवा. एका तालमीवर हे संगीत उभे राहत नाही. पान उलटायला स्वरलिपी वाचता येणारा विद्यार्थी घ्या.

एक आग्रह पालकांसाठी. अशा कार्यक्रमात एखाद्या सात वर्षांच्या मुलाला ‘आपला छोटा मोझार्ट’ म्हणून मंचावर आणण्याची कल्पना हमखास निघते. ती नको. शिकणाऱ्या मुलांना सकाळच्या तालमीला बोलवा, के. 2 चा मिन्युएट त्यांना आळीपाळीने वाजवू द्या, पियानोजवळ उभे राहून मोठ्यांची तालीम ऐकू द्या. तिकीट लावू नका, व्हिडिओ काढू नका.

मैफलीचे ध्वनिमुद्रण करायचे असेल तर वादकांची लेखी परवानगी घ्या. मोझार्टच्या, शोबर्टच्या आणि बाखच्या रचनांवर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही, पण वादकांचा त्यांच्या वादनावर आहे, आणि अलीकडच्या छापील आवृत्तीच्या पानांच्या प्रती वाटायच्या असतील तर प्रकाशकाच्या अटीही बघाव्या लागतात.